संत्र्याच्या कॅरेटला बरगड्या कशासाठी?

भाजीबाजारात किंवा शेतात पडलेले एखादे रिकामे कॅरेट उलटे करून तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? कॅरेट म्हणजे फळे-भाज्या भरण्याचे ते जाळीदार प्लॅस्टिकचे खोके. मूळ शब्द 'क्रेट' असा आहे, हे मलाही ठाऊक आहे; पण आमच्या चांदूर बाजारात त्याला क्रेट म्हणणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. तेव्हा या लेखात ते कॅरेटच राहील. सोन्याच्या कॅरेटशी त्याचा काही संबंध नाही, एवढे ध्यानात ठेवा म्हणजे झाले.

उलटे केलेत, की प्रथम बुडाशी एक त्रिकोण शोधा. त्यात बहुधा २ हा आकडा असेल. याचा अर्थ ते 'हाय डेन्सिटी पॉलिएथिलीन' या प्लॅस्टिकचे आहे. नंतर बाजूंवरून हात फिरवा. प्रत्येक बाजू म्हणजे एक पातळ पत्रा आणि त्यावर उभ्या-आडव्या उंच पट्ट्या, अशी रचना हाताला लागेल. या पट्ट्यांना कारखान्यात 'रिब', म्हणजे बरगडी म्हणतात. आता प्रश्न असा, की या बरगड्या तेथे कोणी बसवल्या, आणि इतक्याच का बसवल्या? पत्राच थोडा जाड का केला नाही?

याचे उत्तर शोधताना आपल्याला संत्र्यापासून संगणकापर्यंत जावे लागेल. संत्र्यापासूनच सुरुवात करू.

चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरुड हा सारा अमरावती जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. साल आणि फोडी यांच्यामध्ये थोडी हवा असते. म्हणून ते सोलायला सोपे, आणि म्हणूनच दाबायलाही सोपे. मोसंबी जो दाब सहज सोसते, तो संत्र्याला सोसत नाही. असे हे नाजूक फळ शेकडो किलोमीटर दूरच्या बाजारात जायचे असते. माझ्या लहानपणी ते लाकडी पेट्यांतून, गवतात बसवून जात असे. आजही पुष्कळ माल ट्रकमध्ये नुसता ओतून भरतात.

अशा ओतलेल्या ढिगात तळाच्या संत्र्यावर किती भार येतो? गणित करून पाहू. ढिगाची उंची दीड मीटर धरा. एका संत्र्याचा व्यास ७ सेंमी, म्हणजे त्याने व्यापलेली जागा ७ × ७ = ४९ चौ. सेंमी. संत्र्यांच्या ढिगाची घनता, मधल्या पोकळ्या जमेस धरून, पाण्याच्या साधारण निम्मी असते. तेव्हा त्या एका फळाच्या डोक्यावरचा स्तंभ झाला ४९ × १५० × ०.५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेचार किलो. एक संत्रे टेबलावर ठेवा, त्यावर पावणेचार किलोची पिशवी ठेवा, आणि टेबल रात्रभर हलवत राहा. सकाळी काय दिसेल ते सांगायला नको.

हेच संत्रे कॅरेटमध्ये असेल तर? आत फळांची उंची सुमारे २८ सेंमी. गणित तेच: ४९ × २८ × ०.५, म्हणजे ६८६ ग्रॅम. भार पाचव्या हिश्शाहूनही कमी झाला! कॅरेटवर कॅरेट कितीही रचली, तरी आतल्या फळाचा भार वाढत नाही, कारण वरच्या कॅरेटचे वजन खालच्या फळांवर येतच नाही. ते चार कोपऱ्यांतून आणि भिंतींतून थेट जमिनीत जाते. मजल्यांच्या इमारतीत वरच्या बिऱ्हाडाचा भार खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर येत नाही, खांबांवर येतो, तसेच हे.

मग खांबांवर किती येतो? भरलेले कॅरेट २२ किलोचे धरा आणि आठांची थप्पी. तळाच्या कॅरेटवर सातांचे वजन, १५४ किलो. ट्रक खड्ड्यातून उसळला आणि त्याला गुरुत्व त्वरणाइतकेच त्वरण वरच्या दिशेने मिळाले, तर क्षणभर हाच भार दुप्पट, ३०८ किलो. प्रत्येक कोपऱ्यावर ७७ किलो. म्हणजे चारही कोपऱ्यांवर एकेक धडधाकट माणूस उभा. आणि हे सारे पेलणारे खोके स्वतः असते दीड-दोन किलोचे.

पोस्टकार्डाचा प्रयोग

एक जुने पोस्टकार्ड किंवा तेवढाच जाड कागद घ्या. तो उभा धरून वरून बोटाने दाबा. लगेच वाकेल. आता तोच कागद मधोमध दुमडून काटकोन करा आणि उभा ठेवा. वर एक वही ठेवा. उभा राहतो ना? कागद तोच, वजन तेच. बदलला तो फक्त आकार. कॅरेटचा कोपरा म्हणजे हे दुमडलेले पोस्टकार्ड.

बरगडीचेही असेच. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. हे ऐकून कोणी म्हणेल, चला, जाडच करू! पण थांबा. ३६ मिमी रुंद आणि २ मिमी जाड अशी प्लॅस्टिकची पट्टी घ्या. तिच्यात दीडपट प्लॅस्टिक घालून ती ३ मिमी जाड केली, तर ताठपणा वाढतो १.५ चा घन, म्हणजे सुमारे ३.४ पट. आता तेवढेच जादा प्लॅस्टिक जाडीत न घालता, पट्टीच्या पाठीवर २ मिमी रुंद आणि १८ मिमी उंच बरगडी म्हणून उभे करा. ताठपणा किती वाढतो? सुमारे १४१ पट! बारावीच्या विद्यार्थ्यांनी जडत्व आघूर्णासाठी शिकलेला समांतर अक्षांचा सिद्धांत क्षेत्रफळाला लावून हे ताडून पाहावे, आकडा जुळेल. आपल्या छातीच्या बरगड्या, पन्हाळी पत्र्याच्या लाटा, वडाच्या पानाच्या मागच्या शिरा, सर्वांचे रहस्य हेच: द्रव्य मध्यापासून दूर न्या.

एवढे कळले, की वाटते आता कॅरेटचे आरेखन म्हणजे डाव्या हाताचा मळ. येथेच साचेवाला दारात उभा राहतो.

कॅरेट बनते ते असे. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवतात, साचा थंड करतात, उघडतात आणि कॅरेट बाहेर ढकलतात. याला इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात. साच्याचे वजन टनांत आणि किंमत लाखांत. पोलादात एकदा चूक कोरली गेली, की ती रबराने खोडता येत नाही. आणि चुकायला जागा पुष्कळ! हे प्लॅस्टिक थंड होताना साधारण २ टक्के आकसते. म्हणजे ५४ सेंमी लांबीच्या कॅरेटसाठी साचा सुमारे एक सेंमी मोठा हवा. भिंती अगदी सरळ उभ्या ठेवल्या तर कॅरेट साच्यात घट्ट बसते, निघतच नाही. म्हणून भिंतींना एखाद-दुसऱ्या अंशाचा उतार द्यावा लागतो. आपली २ मिमीची बरगडी तर साचेवाला पाहताच नाकारील. बरगडी भिंतीइतकीच जाड असेल, तर दोन्ही जिथे मिळतात तेथे प्लॅस्टिकचा गोळा होतो, तो शेवटी थंड होतो आणि बाहेरच्या बाजूला खळगा पाडतो. बरगडी भिंतीच्या साठ टक्क्यांहून जाड नको, असा त्यांचा ठोकताळा आहे. बरे, १.२ मिमी करू. ताठपणा १४१ वरून ९४ पटीवर येतो, पण जादा प्लॅस्टिकही ५० टक्क्यांऐवजी ३० टक्केच लागते. सौदा वाईट नाही. मात्र अशी पातळ बरगडी उंच करत गेलो, तर वितळलेले प्लॅस्टिक तिच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच गोठू लागते.

आता संत्र्याचीही मागणी ऐका. तोडलेले फळ श्वास घेत असते आणि उष्णता टाकत असते. त्याला वारा हवा, म्हणून भिंतीला भोके हवीत. पण ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडले, की भोकाच्या काठाशी ताण तिप्पट होतो. हे १८९८ साली किर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवले. भोक चौकोनी आणि कोपरे टोकदार असतील तर अवस्था याहून वाईट. म्हणून कॅरेटच्या प्रत्येक खिडकीचे कोपरे गोलसर असतात. पाहा, खात्री करा.

शेताची मोजणी आणि कॅरेटची मोजणी

एक गोष्ट सुधारावी तर दुसरी बिघडते, असा हा गुंता. पूर्वी तो अनुभवाने आणि बऱ्याच फेकून दिलेल्या पोलादाने सुटत असे. आज तो संगणकाच्या पडद्यावर सोडवतात. 'संगणक-साहाय्यित आरेखन' असे या विद्येचे भारदस्त नाव आहे. सगळे जण म्हणतात कॅड.

पडद्यावर चित्र काढून ते संगणकाकडून दुरुस्त करून घेण्याची किमया १९६३ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड' या आज्ञावलीने दाखवली. गोलाईदार आकारांचे गणित त्याच सुमारास फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत तयार झाले: सिट्रोएनमध्ये द कास्टेल्जो आणि रेनोमध्ये बेझिए यांनी ते स्वतंत्रपणे केले. ते तुम्हाला वहीतही करता येईल. चार बिंदू घ्या आणि क्रमाने रेषांनी जोडा. तीन रेषांचे मध्यबिंदू काढा, ते जोडा. मिळालेल्या दोन रेषांचे मध्यबिंदू काढा, तेही जोडा. शेवटच्या रेषेचा मध्यबिंदू हा वक्रावरचा एक बिंदू. मध्याऐवजी एक तृतीयांश, एक चतुर्थांश असे भाग घेतले की वक्राचे बाकीचे बिंदू मिळतात. एक बिंदू सरकवा, सारा वक्र लवचीक तारेसारखा वळतो. बाटलीचा खांदा असो की कॅरेटची मूठ, गोलाई आली की असेच गणित कामाला येते.

कॅडची खरी मौज पुढे आहे. कॅरेटचे चित्र पडद्यावर नुसते रेषांचे नसते, अंकांचे असते. बरगडीची उंची १८ च्या जागी २० लिहिली, की सगळ्या बरगड्या वाढतात, कॅरेटचे वजन नव्याने मोजले जाते, साच्याचे मापही बदलते. कागदावर हेच करायचे तर सगळे नकाशे पुन्हा काढावे लागत.

पण कॅरेट वाकेल किती, हे संगणकाला कसे कळते? त्यासाठी आपल्या शेताची मोजणी आठवा. वेड्यावाकड्या बांधाच्या वावराचे क्षेत्रफळ एका सूत्राने निघत नाही. मोजणीदार त्याचे त्रिकोण पाडतो, प्रत्येकाचे क्षेत्रफळ काढतो आणि बेरीज करतो. कॅरेटचेही तसेच लहान लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा म्हणजे जणू एक स्प्रिंग. कूरंट या गणितज्ञाने १९४३ साली त्रिकोणांची ही युक्ती एका निबंधात वापरली. १९५० नंतरच्या दशकात विमानांच्या पंखांसाठी अभियंत्यांनी ती वाढवली. १९६० साली रे क्लफ यांनी तिला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. मराठीत आपण 'सांत घटक पद्धती' म्हणू.

नाव जड आहे, गणित दहावीचे आहे. छताला एक स्प्रिंग टांगा, १ सेंमी ताणायला ३ न्यूटन लागणारी. तिच्या खालच्या टोकाला ६ न्यूटनचे वजन अडकवा. त्याच टोकाला दुसरी स्प्रिंग, २ न्यूटनवाली, आणि तिच्या टोकाला १२ न्यूटनचे वजन. पहिले टोक x सेंमी खाली येते, दुसरे y सेंमी. प्रत्येक टोकावरची बले समतोल राहिली पाहिजेत, म्हणून

५x − २y = ६
−२x + २y = १२

बेरीज करा: ३x = १८. म्हणून x = ६, y = १२. वरच्या स्प्रिंगवर एकूण १८ न्यूटन येतात, १८ भागिले ३ म्हणजे ६. उत्तर बरोबर आहे. दोन चलांतील ही समीकरणे तुम्ही पाठ्यपुस्तकात डझनांनी सोडवता आणि विचारता, सर, याचा उपयोग काय? कॅरेटसाठी संगणक अशीच समीकरणे सोडवतो, फक्त दोनाऐवजी लाखोंनी. उत्तर तो रंगांत दाखवतो: जेथे ताण कमी तेथे निळा, जेथे जास्त तेथे लाल. आरेखक लाल जागी थोडे प्लॅस्टिक घालतो, निळ्या जागचे काढून घेतो. एका कॅरेटमागे १० ग्रॅम वाचले, तर लाख कॅरेटांमागे एक टन प्लॅस्टिक वाचले. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात कसे वाहील हे पाहणाऱ्या आज्ञावल्या वेगळ्या असतात. त्यांतली एक जुनी, 'मोल्डफ्लो', १९७८ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी सुरू केली.

प्लॅस्टिक वाचवण्याचा हा खेळ बाटल्यांत अधिक रंगला आहे. सोड्याच्या बाटलीत हवेच्या दाबाच्या चौपट दाब असतो. सपाट बूड तो सोसत नाही, बाहेर फुगते आणि बाटली डोलू लागते. ड्यू पॉन्ट कंपनीतल्या नॅथॅनिएल वायथ यांनी साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत सोड्याचे पेय भरून ती घरच्या फ्रिजमध्ये ठेवली, तर ती फुगून तेथेच अडकली, असे सांगतात. पुढे 'पेट' प्लॅस्टिकच्या बाटलीचे पेटंट त्यांना १९७३ साली मिळाले. सुरुवातीला मोठ्या बाटल्यांचे बूड अर्धगोल असे, कारण गोल आकार दाब सर्वांत चांगला सोसतो. पण अर्धगोलावर बाटली उभी कशी राहणार? म्हणून खाली प्लॅस्टिकची वेगळी वाटी चिकटवत. पुढे फुलाच्या पाच पाकळ्यांचे बूड आले: पाकळ्यांच्या मधले भाग गोलाकाराचे, पाकळ्यांची टोके पायांची. वाटी गेली, तेवढे प्लॅस्टिक वाचले. घरात सोड्याची बाटली आली, की पाकळ्या मोजा.

संगणकाला न विचारलेले प्रश्न

येथवर वाचून तुम्हाला वाटेल, की संगणकाने सर्व काही सोडवले. गेल्या हंगामात मी वर्गातल्या काही मुलांना घेऊन माल भरणे चालू असलेल्या एका ठिकाणी गेलो. मोडकी कॅरेटे एका बाजूला पडली होती. कोठे मोडली आहेत, एवढेच टिपायचे होते. माझा अंदाज होता, तळाची कॅरेटे भाराने चेपून मोडली असतील. तेथल्या एका हमालाने आमच्या वह्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, कॅरेट फुटलं त मुठीपाशी नाही त कोपऱ्यातच फुटते जी. थप्पीनं नाही फुटत, फेकल्यानं फुटते."

त्याचे म्हणणे खरे होते. गणितही त्याच्याच बाजूचे निघाले. २२ किलोचे कॅरेट ३० सेंमी उंचीवरून कडक फरशीवर कोपऱ्यावर पडले आणि १ सेंमीत थांबले, तर त्या कोपऱ्यावर सरासरी बल येते २२ च्या ३१ पट, म्हणजे सुमारे ६८० किलोचे. थप्पीच्या ७७ किलोंपुढे हे केवढे! तेच गवताच्या थरावर पडून ५ सेंमीत थांबले तर १५४ किलो. लाकडी पेट्यांच्या काळातले ते गवत उगाच नव्हते. संगणकाला आपण "आठांची थप्पी पेलेल का?" एवढेच विचारले, तर तो त्याचे अचूक उत्तर देईल आणि फेकण्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. त्याने रंगवलेले चित्र इतके देखणे असते, की पाहणाराही विचारायचे विसरतो. मला विचाराल तर या विद्येतला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

दुसरा न विचारलेला प्रश्न उन्हाचा. पोलादाची पट्टी भार ठेवल्यावर जेवढी वाकायची तेवढी वाकून थांबते. प्लॅस्टिक तसे नाही. ते भाराखाली तासन्‌तास, दिवसेंदिवस हळूहळू वाकतच राहते. याला क्रीप म्हणतात. आणि ऊन तापले की हे प्लॅस्टिक नरम पडते; ५०-६० अंशांना त्याचा ताठपणा नेहमीच्या तापमानाच्या निम्म्याच्या आसपास येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतला पारा ४५ च्या घरात जातो, मग उन्हात उभ्या ट्रकच्या ताडपत्रीखाली काय होत असेल? पुस्तकातला २३ अंशांचा आकडा घालून केलेले गणित पुस्तकापुरतेच खरे.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी 'फ्रीकॅड' ही आज्ञावली विनामूल्य मिळते. चित्र काढणे आणि सांत घटकांनी ताण मोजणे ही दोन्ही कामे तिच्यात होतात. शाळेच्या संगणकावर शिक्षकांनी ती बसवून द्यावी. पुढे याच वाटेने जायचे असेल, तर मुंबईत अंधेरीला १९६६ सालापासून 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग' आहे आणि प्लॅस्टिकचे तंत्र शिकवणारे 'सिपेट'चे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

आमच्या मुलांनी फ्रीकॅडवर पहिल्यांदा पूर्ण कॅरेट घेतले नाही. ३६ मिमीची तीच पट्टी आणि तीच बरगडी घेतली, आणि हाताने काढलेले ९४ पट हे उत्तर संगणकाच्या उत्तराशी जुळवून पाहिले. जुळले तेव्हा कोठे मुठीचा कोपरा काढायला घेतला. त्याच्या आतल्या कडेला गोलाई नव्हती, तेथे पडदा लालभडक झाला. तीन मिमीची गोलाई दिली, लाल पिवळे झाले. पाच दिली, तर मुठीत बोटे मावेनात. पुढच्या शनिवारी ते मोजपट्टी घेऊन त्याच हमालाकडे गेले, त्याच्या बोटांची रुंदी मोजायला.